कारणे द्या

फणस रांध्याहून यायचा होता आणि केतकी वापीहून. फणस वेळेवर आला.

आणून टाकणारा बारकू हा सुलभाबाईंचा फार जुना विद्यार्थी. चौथीत दोनदा बसलो म्हणून बाईंचं ऋण दुप्पट, असं तो स्वतःच सांगे आणि दर मे महिन्यात झाडावरचा सगळ्यात मोठा कापा फणस आमलीतल्या तेंडोलकरांच्या मागच्या पडवीत ठेवून चहा न घेता निघून जाई. मग येणाऱ्या रविवारी घरातल्या सगळ्यांनी हाताला खोबरेल तेल लावून बसायचं, ही रीत. वसंतराव मात्र तेल लावत नसत. संघप्रदेशाच्या प्रशासनातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त होऊन त्यांना पंधरा वर्षं झाली होती, पण काम दुसऱ्यानं करायचं आणि शेरा आपण मारायचा ही सवय काही निवृत्त झाली नव्हती. ते खुर्ची घेऊन बसले होते.

"मंगेश, सुरी उभी धर. चीक हातावर येईल."

"बरोबर आहे अण्णा," मंगेश म्हणाला.

सुलभाबाईंनी विळीवरून मान वर केली. सकाळपासून हे तिसरं 'बरोबर आहे अण्णा'. सत्तेचाळीस वर्षांच्या मुलानं बापाला एका सकाळी तीनदा बरोबर म्हणावं, हे त्यांच्या घराण्यात आजवर घडलेलं नव्हतं. शिवाय त्याचा फोन वाजलेला नव्हता. मंगेश नागरी सुविधा मंडळाचा मुख्य व्यवस्थापक. शहराच्या या टोकापासून नरोलीपर्यंत कुणाच्या नळाला पाणी आलं नाही, कुणाच्या दारातला कचरा उचलला नाही, की रविवारचा फोन त्यालाच. एरवी घरात देवापेक्षा जास्त हाका त्या फोनलाच मारल्या जात. आज तो फडताळावर पालथा पडून होता.

"गाडी अजून सर्व्हिसिंगलाच का रे?" सुलभाबाईंनी विचारलं.

"हो आई. वेळ लागतोय."

सूनबाई धनश्री गरे सोलून आठळ्या वेगळ्या काढत होती. तिनं मान वर केली नाही, त्याअर्थी तिला काही माहीत नव्हतं. सुलभाबाईंनी एवढं ताडलं आणि पुन्हा विळीकडे वळल्या. मुलांच्या तोंडून काही काढायचं तर विचारायचं नाही, वाट पाहायची, हे त्या तीस वर्षं शाळेत शिकवता शिकवता शिकल्या होत्या.

वाट फार पाहावी लागली नाही. फाटकाचा आवाज झाला, आणि केतकी चपला न काढताच पडवीत आली. वापीच्या एका कारखान्यात ती माणसं नेमण्या-काढण्याचं काम बघते. त्यामुळे दुसऱ्याचं दुःख तिच्या तोंडून नेहमी थोडं घाईनं बाहेर पडतं.

"दादा, फार वाईट झालं रे. मी ग्रुपवर वाचलं आणि तशीच निघाले. तू कसा आहेस?"

सगळे मंगेशकडे बघायला लागले. केतकीनं एकेकाचा चेहरा पाहिला आणि तिच्या लक्षात आलं.

"तू सांगितलं नाहीस?"

"फणस झाल्यावर सांगणार होतो," मंगेश म्हणाला.

"काय सांगणार होता?" धनश्रीचा हात आठळीवर थांबला.

"मंडळानं मला काढलं. शुक्रवारी."

"शुक्रवारी?" धनश्रीला नोकरी गेल्यापेक्षा वार जास्त लागला असावा. "मग काल डबा घेऊन कुठं गेला होता?"

"तळ्याच्या बागेत."

"दिवसभर?"

"आत डबा खाऊ देत नाहीत, म्हणून जेवायला बाहेर एका बाकावर बसलो. मग परत तिकीट काढून आत गेलो."

केतकीला हसू आलं, ते तिनं खोकल्यात घातलं. धनश्रीला हसू आलं नाही. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि दोन्ही हातांना चीक, त्यामुळे पुसताही येईना. सुलभाबाईंनी पुढे होऊन आपल्या कोपरानं तिचे डोळे पुसले. अठरा वर्षांत सासूनं सुनेचे डोळे पुसण्याची ही पहिली वेळ. तीही कोपरानं, म्हणून दोघींनी ती मोठी केली नाही.

"पत्र कुठाय?" वसंतराव उठले होते.

"खिशात."

फणसाला बसलेल्यांत कोरडे हात फक्त वसंतरावांचे. त्यांनी मुलाच्या शर्टाच्या खिशातून घडी केलेला कागद काढला, चष्मा लावला आणि आधी वरचा कोपरा पाहिला. "जावक क्रमांक आहे. म्हणजे खरं आहे." मग मजकूर. इंग्रजीतल्या तीन ओळी होत्या. त्यांनी त्या दोनदा वाचल्या, कागद उलटून मागेही पाहिलं.

"सेवा-धोरणातील अट अकरानुसार आपली सेवा आजपासून संपवण्यात येत आहे. बस? का, ते कुठं लिहिलंय?"

"लिहीत नाहीत अण्णा," केतकी म्हणाली. "तीच तर अट आहे. आमच्याकडेही आता तसंच करतात. मालकाची मर्जी आहे तोवर तुम्ही. कारण द्यायला लागत नाही."

"कारखान्यात असेल. हे सार्वजनिक मंडळ आहे. अगं, आम्ही राष्ट्रपतींच्या मर्जीनं नोकरीत होतो. पण त्यांची मर्जी फिरली तरी आधी आरोप लिहून द्यावे लागत, चौकशी लागे, आमचं म्हणणं ऐकावं लागे. कारणाशिवाय माणूस निघतोच कसा?"

आणि मग तेंडोलकरांच्या पडवीत जे सुरू झालं ते कुठल्याही चौकशी समितीला झेपलं नसतं. पत्रात कारण नव्हतं, म्हणून प्रत्येकानं आपापलं घातलं. वसंतरावांच्या मते अध्यक्षांच्या सत्काराला मंगेश गेला नाही, हे कारण. धनश्रीच्या मते तो गेला होता, पण पहिल्या रांगेत बसला आणि भाषण चालू असताना जांभई दिली, हे खरं कारण. तिनं स्वतः पाहिली होती. केतकी म्हणाली की कुणाचा तरी भाचा इंजिनीयर झाला असणार. वसंतरावांना मग आठवलं की मार्चमधल्या टिपणीवर मंगेशनं हिरव्या शाईनं सही केली होती. हिरवी शाई त्याच्या पदाला चालते की नाही, यावर बापलेकात नव्हे तर सासरा-सुनेत दहा मिनिटं वाद झाला आणि धनश्रीनं तो जिंकला.

मंगेश सगळ्यांना एकच उत्तर देत होता. "असेल."

"असेल काय असेल? तुला काय वाटतं?" सुलभाबाईंनी विचारलं.

"आई, मी दोन दिवस तेच करतोय. बागेत बसून सगळं वर्ष आठवलं. कुणाला नमस्कार केला नाही, कुणाची फाईल उशिरा गेली. एकशे चाळीस कारणं सापडली." तो थांबला. "माझा प्रत्येक दिवस आता संशयित झालाय."

हे त्यानं हजेरी द्यावी तशा सरळ आवाजात सांगितलं.

"असली अट लिहिणाऱ्याला समोर उभा करायला हवा," वसंतराव म्हणाले. "कुणी लिहिली ही अट अकरा?"

केतकीनं भावाकडे पाहिलं. मंगेश हातातल्या गऱ्याकडे पाहत होता.

"मी," तो म्हणाला.

मग सगळ्यांना आठवलं. अडीच वर्षांपूर्वी, कायमची सरकारी नोकरी सोडून मंगेश या मंडळात आला, तेव्हाची गोष्ट. अहमदाबादला चार दिवसांचं प्रशिक्षण करून तो परतला होता. तिथं कुणीतरी सांगितलं होतं की अमेरिकेत शहरांचे व्यवस्थापक असेच असतात, सकाळी ठेवले, संध्याकाळी काढले, आणि म्हणून तिथले रस्ते असे. मंगेशनं आठ दिवस बसून व्यवस्थापकांसाठी सेवा-धोरण लिहिलं आणि याच पडवीत मोठ्यानं वाचून दाखवलं. टिकायचं तर कामावर टिकायचं, असं म्हणताना त्याचा चेहरा किती उजळला होता! धनश्रीनं त्या दिवशी श्रीखंड केलं होतं. केतकी टाळ्या वाजवत होती.

"आणि मसुदा तुम्ही तपासलात," सुलभाबाई नवऱ्याला म्हणाल्या.

वसंतराव खुर्चीत बसले. "स्वल्पविराम तपासले."

"फक्त स्वल्पविराम?"

"अट अकरापाशी थांबलो होतो. 'कारण नमूद करावे' असं समासात लिहायला पेन्सिल टेकवलीही होती. मग याच्याकडे पाहिलं. इतका खूश होता." त्यांनी चष्मा काढला. "म्हटलं, आपल्याच मुलाला कोण काढणार?"

केतकीनं ओढणीनं नाक पुसलं.

पाच मिनिटांत मात्र घर सावरलं आणि कामाला लागलं. सुलभाबाईंनी पाहिलं की बाजू बदलल्या आहेत. पंख्याच्या वेगापासून आमटीतल्या गुळापर्यंत ज्यांचं अठरा वर्षांत कशावर जमलं नव्हतं ते सासरा-सून एकदम एका पक्षात गेले. वसंतराव अर्ज लिहिणार होते आणि धनश्री तो टाईप करणार होती. केतकी म्हणत होती, अर्ज नको, मान खाली घालू नको, माझ्याकडे ये, उद्या नेमते. अर्जाचं पुढे काय झालं ते आत्ताच सांगून टाकायला हरकत नाही. वसंतरावांनी तो पाच वेळा लिहिला, शेवटचा नऊ पानी झाला, मंडळानं पोच दिली आणि उत्तर दिलं नाही. मंगेशला ते पद परत मिळालं नाही. पण त्या दुपारी सगळ्यांना वाटत होतं की नेमके शब्द सापडले तर मिळेल.

सुलभाबाई एकट्या कुठल्याच पक्षात नव्हत्या. त्यांनी हात धुतले, मुलासमोर पाटावर बसल्या.

"मंगेश, ती अट तू कुणाला लावलीस?"

"काय?"

"लिहिलीस, मग वापरलीही असशील. कुणाला?"

"एकालाच. जानेवारीत. नरोली विभागाचे व्यवस्थापक, कारभारी बोरसे."

सुलभाबाईंना नाव ऐकायची गरज नव्हती. फेब्रुवारीत कारभारींची बायको तानूबाई त्यांच्याकडे येऊन गेली होती. त्यांची मुलगी सरिता बाईंच्या शेवटच्या वर्गातली. शिरपूरकडची माणसं, कारभारी पंपावर लागले आणि वीस वर्षांत विभागाचे व्यवस्थापक झाले, तेव्हा पेढे द्यायला सगळ्यात आधी बाईंकडे आले होते. तानूबाई याच पडवीत उभ्या होत्या, बसल्या नाहीत. 'नोकरी परत नको बाई, साहेबांना तेवढं कारण विचारा. गावाकडे लोक काहीबाही बोलतात.' सुलभाबाई म्हणाल्या होत्या, 'विचारते.' आणि विचारलं नव्हतं. मुलाच्या ऑफिसात आपण नाक खुपसू नये, असं स्वतःला सांगितलं होतं. तीस वर्षं त्यांनी प्रत्येक प्रश्नपत्रिकेत 'कारणे द्या' हा प्रश्न घातला होता, तीन गुणांचा, आणि ज्या दिवशी खरोखर कुणी विचारलं त्या दिवशी पेपर कोरा ठेवला.

"का काढलंस त्यांना?"

"आई, तो वेगळा विषय आहे."

"असेल. पण का?"

अण्णांचा अर्ज पहिल्या परिच्छेदात थांबला. मंगेशनं तेलकट हात गुडघ्यांवर टेकले.

"नरोलीतल्या कामगारांच्या खोल्यांना पाणी सकाळी अकराला यायचं. तेव्हा सगळे पाळीवर असतात. कारभारींनी मला न विचारता वेळ बदलली, पहिली पाळी सुटते तेव्हाची केली. पलीकडच्या बंगल्यांची तक्रार आली, दाब कमी झाला म्हणून. मी मीटिंगमध्ये जाब विचारला. ते म्हणाले, साहेब, तुम्ही एकदा हंडा घेऊन रांगेत उभे राहा, मग बोलू. सगळे हसले."

"आणि?"

"चौकशी लावली असती तर सहा महिने गेले असते."

"सहा महिने गेले असते म्हणून लावली नाहीस?"

मंगेश बोटाला चिकटलेला चीक खरवडू लागला. धनश्री त्याच्याकडे पाहत होती. अठरा वर्षांच्या संसारात ती ज्या नवऱ्याला ओळखत होती तो काय उत्तर देईल हे तिला माहीत नसावं.

"नाही," तो शेवटी म्हणाला. "लावली असती तर ते सुटले असते."

सुलभाबाई उठल्या. सगळ्यात चांगले गरे त्यांनी स्टीलच्या डब्यात भरले.

"ऊठ. हात धू. धनश्री, तुझ्या गाडीची किल्ली दे. नरोलीला जाऊन येऊ."

"आत्ता? उन्हात?" वसंतराव म्हणाले. "आणि अर्ज?"

"तुम्ही लिहा. तोवर येतो."

दुपारचे दोन वाजत आले होते. मुख्य व्यवस्थापक मंगेश तेंडोलकर, शुक्रवारपर्यंत मंडळाच्या लाल पाटीच्या गाडीतून फिरणारे, बायकोच्या स्कूटरवर आईला मागे बसवून आमलीच्या बाजारातून निघाले. दोन दुकानदारांनी नेहमीच्या सवयीनं नमस्कार केला आणि एकानं केला नाही. मंगेशनं हे आईला सांगितलं. "त्याचं लक्ष नव्हतं," सुलभाबाई म्हणाल्या. "प्रत्येक गोष्टीचा अर्थ लावत बसू नकोस, समोर बघून चालव."

नरोलीत कारखान्यांच्या भिंती संपतात तिथे भाड्याच्या खोल्यांच्या रांगा सुरू होतात. कारभारींची खोली टोकाची. दारात तानूबाई तांदूळ निवडत होत्या. बाईंना पाहून त्या हसत उठल्या, आणि मागे मंगेश दिसल्यावर हसू तसंच अर्ध्यावर राहिलं.

"बसा ना बाई. साहेब, तुम्ही पण बसा."

कारभारी आतून बनियनवर शर्ट चढवत आले. पन्नाशीचा उंच माणूस. सध्या एका कारखान्यात पंपावर रात्रपाळी करत होते, म्हणजे वीस वर्षांपूर्वी जिथून सुरुवात केली तिथेच पोचले होते. खुर्ची एकच होती. ती त्यांनी मंगेशपुढे सरकवली. मंगेश खाली सतरंजीवर बसला, म्हणून मग कारभारीही खाली बसले आणि खुर्चीवर गऱ्यांचा डबा ठेवला गेला.

"ऐकलं साहेब," कारभारी म्हणाले. "वाईट झालं."

मंगेशची बहुधा शिव्यांची तयारी होती, याची नव्हती. तो आईकडे बघायला लागला. सुलभाबाईंनी नजर तानूबाईंच्या तांदळांवर ठेवली.

"इचारी ल्या ना आते," तानूबाई नवऱ्याला गावाकडच्या बोलीत हळूच म्हणाल्या. "समोर बठेल शेतस."

"विचारायला नको," मंगेश म्हणाला. "तेच सांगायला आलोय. तुम्ही पाण्याची वेळ बदललीत ते बरोबर होतं. मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर मला बोललात, त्याचा राग आला. बोललात तेही बरोबर होतं, म्हणून जास्त आला. चौकशी लावली असती तर मी हरलो असतो. मग अट अकरा लावली."

कारभारी त्याच्याकडे पाहतच राहिले.

"एवढंच?"

"एवढंच."

"तंबाखू नाही?"

"कसली तंबाखू?"

"मला वाटलं साहेब, तुमच्या केबिनमध्ये यायचो तेव्हा तोंडात असायची. तुम्ही एकदा खिडकी उघडली होती. मी म्हटलं, तेच कारण. बावीस वर्षांची तंबाखू सोडली मी जानेवारीत."

"मी उकडतंय म्हणून उघडली असेल."

"अहो, मग कशाला सांगितलंत?" तानूबाई मंगेशवरच उखडल्या. "ते कारण किती चांगलं होतं! राहू दिलं असतं तेच."

सुलभाबाई हसल्या, आणि मग कारभारीही हसले, मोठ्यानं, शेजारच्या खोलीतून कुणीतरी डोकावून जाण्याइतके. हसता हसता त्यांनी एकदम तोंडावर हात घेतला. तानूबाईंनी तांदळाचं सूप बाजूला ठेवलं.

"चार महिने झोप नाही आली, साहेब," ते म्हणाले. "पुतण्याच्या लग्नाला गेलो तर भाऊबंद विचारतात, काय केलं? काही नाही म्हटलं की डोळे मिचकावतात. वीस वर्षं काम केलेल्या माणसाला काही न करता कोण काढतं? मलाही वाटायला लागलं होतं, केलं असेल काही."

"चुकलो मी," मंगेश म्हणाला.

"ते झालं. पण मला लिहून द्या."

"आता माझ्या सहीला काय किंमत? मी कोण?"

"ऑफिसला नको. गावात दाखवायला पाहिजे."

इतका वेळ आतल्या दाराशी उभ्या असलेल्या सरितानं वहीचं पान फाडून दिलं. मंगेशनं पाटावर कागद ठेवून चार ओळी लिहिल्या आणि सवयीनं आईकडे तपासायला दिल्या. सुलभाबाईंनी वाचलं. 'प्रशासकीय कारणास्तव' असे शब्द होते. त्यांनी पेन मागितलं आणि त्यावर आडवी रेघ ओढली.

"हे कारण नाही. हा नुसता शब्द आहे. पुन्हा लिही."

दुसऱ्यांदा त्यानं सरळ लिहिलं. श्री. कारभारी बोरसे यांनी लोकांच्या सोयीसाठी पाण्याची वेळ बदलली, ती योग्य होती. त्यांनी कोणताही गैरव्यवहार केला नाही. मी रागापोटी त्यांना कामावरून काढले. खाली सही, तारीख. पदाचं नाव लिहायला पेन खाली गेलं आणि वर आलं. त्या जागी त्यानं काही लिहिलं नाही. कारभारींनी कागद दोन वेळा वाचला, तानूबाईंना वाचून दाखवला आणि सरिताकडे दिला. "उद्या याच्या दहा झेरॉक्स काढ."

"दहा?" मंगेश म्हणाला.

"भाऊबंद जास्त आहेत, साहेब."

मग चहा झाला. गरे निघाले. कारभारी मंगेशच्या जवळ सरकून बसले आणि आवाज उतरवून बोलू लागले. सुलभाबाईंना सगळं ऐकू येत होतं. "पहिले दोन महिने जड जातात. मी सांगतो तसं करा. सकाळी साडेनऊला घरात थांबायचं नाही. थांबलं की बायकोच्या कामातल्या चुका दिसायला लागतात, मग दोन्हीकडून नोकरी जाते. कुठंही जा, पण बाहेर पडा."

"काल बागेत गेलो होतो."

"बाग चांगली. पण घरी सांगून जा."

मंगेश हसला. शुक्रवारनंतर पहिल्यांदा असावा. सुलभाबाईंनी चहाची कपबशी तोंडाला लावली, कारण चेहऱ्यावर काय चाललंय ते कुणी पाहू नये असं त्यांना वाटलं.

बाहेर एकाएकी गडबड झाली. रांगेतल्या दारादारांतून बायका हंडे घेऊन निघाल्या, पाळीवरून नुकते परतलेले पुरुष गळ्यातलं ओळखपत्र न काढताच बादल्या उचलून धावले. टोकाच्या नळानं दोनदा हवा सोडली आणि पाणी धरलं.

मंगेशनं घड्याळ पाहिलं. "साडेतीन? ही तर तुमचीच वेळ. मी तर जुनी वेळ परत करायचा आदेश काढला होता. जानेवारीतच."

"आला होता म्हणे आदेश," कारभारी म्हणाले. "पण वेळ मागे न्यायची तर नरोलीचे कुठले व्हॉल्व्ह कसे फिरवायचे ते मला एकट्यालाच माहीत. मला तर तुम्ही काढलेलं. मग कोण फिरवणार?"

"आणि बंगल्यांचा दाब?"

"त्यांनी टाकी बसवली. कधीच."

तानूबाईंनी कोपऱ्यातले दोन हंडे उचलले, एक कमरेवर घेतला आणि दुसरा मंगेशच्या पुढ्यात ठेवला.

"साहेब, आता रिकामेच आहात. धरा."

"अगं ए!" कारभारी ओरडले. पण मंगेशनं हंडा उचलला होता. सुलभाबाई दारापर्यंत गेल्या आणि चौकटीला टेकून उभ्या राहिल्या. मुलगा रांगेत अकरावा. इस्त्रीचा शर्ट, त्यावर फणसाचा एक डाग. पुढची बाई मागे वळली.

"नवीन भाडेकरू का? कितवी खोली?"

मंगेशनं आईकडे पाहिलं. सुलभाबाईंनी आयुष्यात कधी कुणाला वर्गात उत्तर पुरवलं नव्हतं. आताही पुरवलं नाही.

"नाही," तो म्हणाला. "मी पाण्याच्या ऑफिसात होतो."

बाईनं त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "मग इतक्या दिवसांत एकदा तरी यायचं ना," ती म्हणाली, आणि रांग पुढे सरकली तसा तिनं आपला हंडा सरकवून त्याच्या हंड्याला जागा करून दिली.